ऑफ-रोड गाडीला किती पाउंडचा विंच लागतो? दुकानात जाण्याआधी हा दीडपटीचा हिशोब समजून घ्या

पावसाळा सुरू झाला की इन्स्टावर एक रील हमखास फिरतं. सह्याद्रीतला लाल चिखल, त्यात दारापर्यंत रुतलेली गाडी आणि समोरच्या झाडाला बांधलेली तार. बटण दाबलं की गाडी हळूहळू वर येते. ही कमाल विंचची, म्हणजे बंपरमध्ये बसवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोटरची.

रील बघून अनेकजण विंच घ्यायला निघतात आणि पहिल्याच प्रश्नाला अडकतात. ६,००० पाउंडचा घ्यायचा, ८,००० चा की १२,००० चा?

आधी वजन बघा, पण कोणतं?

साधा नियम असा आहे की विंचची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या किमान दीडपट हवी. एकूण वजन म्हणजे ग्रॉस व्हेईकल वेट. गाडी, पूर्ण भरलेली टाकी, माणसं आणि सामान हे सगळं त्यात आलं. अनलेडन वेट हे रिकाम्या गाडीचं वजन, ते धरून हिशोब केला तर फसगत ठरलेली.

मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीचं उदाहरण घेऊ. रिकामी गाडी साधारण १,२०० किलोची, पण ग्रॉस वेट १,५४५ किलो. त्याची दीडपट होते सुमारे २,३१८ किलो. विंचवर आकडा पाउंडमध्ये असतो आणि १ किलो म्हणजे २.२ पाउंड. म्हणजे झाले जवळपास ५,१०० पाउंड. थोडक्यात, जिम्नीला ६,००० पाउंडचा विंच पुरतो. २,५०० किलोच्या गाडीला याच हिशोबाने ८,२५० पाउंड लागतात, म्हणून तिथे ९,००० किंवा ९,५०० चा बघायचा.

दीडपटच का?

कारण डब्यावरचा आकडा फक्त एका परिस्थितीत खरा असतो. ड्रमवर तारेचा पहिला, सगळ्यात आतला थर शिल्लक असतो तेव्हा.

तार ड्रमवर थरावर थर चढत जाते. वरच्या थराला ड्रमचा घेर मोठा होतो, मोटरचा जोर तेवढाच राहतो, त्यामुळे ओढ कमी पडते. चौथ्या थरापर्यंत साधारण एक तृतीयांश ताकद गेलेली असते. दीडपटीतून हा तोटा वजा केला की उरतं जवळपास गाडीच्या वजनाएवढं. म्हणजे ही दीडपट चैनीसाठी नाही, तोटा भरून काढण्यासाठी आहे.

यावरून एक सोपी गोष्ट कळते. जमेल तेवढी तार बाहेर काढून ओढा. फक्त पोलादी तारेचे किमान ५ आणि सिंथेटिक दोराचे १० वेढे ड्रमवर राहू द्या, नाहीतर टोकच सुटून येईल.

चिखल वजन वाढवतो

३० अंशांच्या चढावर मोकळी गाडी ओढायला तिच्या निम्म्या वजनाएवढा जोर लागतो. चिखलात गणित उलटं होतं. सैन्यात वापरला जाणारा ढोबळ हिशोब सांगतो की चाकं बुडाली तर गाडीच्या वजनाएवढा आणि मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट जोर धरायचा.

जिम्नीसाठी दुप्पट म्हणजे ६,८०० पाउंड. इथे ६,००० चा विंच कमी पडतो. मग मोठा विंच घ्यायचा का? प्रत्येक वेळी नाही. त्याआधी फावड्याने चाकांपुढचा चिखल काढा, माणसं आणि सामान उतरवा. तरीही अडलं तर स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी वापरा. तार कप्पीतून फिरवून परत गाडीला अडकवली की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. मात्र कप्पी बांधलेल्या पट्ट्यावर आणि शॅकलवरही दुप्पट ताण येतो, त्यांची क्षमता तेवढी हवी.

मग थेट १२,००० चाच का नको?

मोठा विंच जड असतो आणि ते सगळं वजन पुढच्या सस्पेन्शनवर येतं. पूर्ण लोडवर विंच ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचू शकतो. म्हणून इंजिन चालू ठेवा आणि बॅटरी धडधाकट आहे ना, ते आधी बघा. शिवाय छोट्या गाडीवर अवाढव्य विंच लावला तर मोटर थांबण्याआधी माउंटिंग किंवा चासी वाकू शकते.

तार तुटली तर?

ताणलेली पोलादी तार तुटली तर चाबकासारखी उसळते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. सिंथेटिक दोर हलका असतो आणि तुलनेने कमी उसळतो, पण दगडावर घासून आणि उन्हाने खराब होतो. दोन्हींत नियम एकच. तारेवर जाड घोंगडी किंवा डॅम्पर टाका, हातमोजे घाला आणि तारेच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका. रील काढणाऱ्यालाही नाही.

कायद्याचं काय?

विंचसोबत अनेकजण दणकट बुल बारही बसवतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं होतं. आधार होता मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. त्यामुळे बंपर बदलण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

थोडक्यात, ग्रॉस वेट गुणिले दीड, गुणिले २.२. येणाऱ्या आकड्याच्या लगेच वरचा विंच घ्या आणि उरलेल्या पैशांत कप्पी, झाडाला बांधायचा पट्टा, शॅकल आणि एक चांगलं फावडं घ्या.