मधुमेह-शिक्षक कसा घडतो?
१९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा माणसावर प्रथम यशस्वी वापर झाला आणि त्याबरोबर एक नवे काम वैद्यकासमोर आले. कारण हे औषध रुग्णाला रोज घरी घ्यावे लागणार होते व त्याची मात्रा आहार आणि श्रम यांच्याशी जुळवावी लागणार होती. ही जुळणी रुग्णाला शिकवणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे मधुमेह-शिक्षक होय.

ऑस्ट्रेलियात परिचारिका, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माते अशा आधीच पात्रता मिळवलेल्यांसाठी विद्यापीठे मधुमेह-शिक्षणाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतात. मात्र व्यावसायिक मान्यता हवी असल्यास मधुमेह-शिक्षणाच्या प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तासही भरावे लागतात, आणि ही अट अत्यंत योग्य आहे. ‘एचबीए१सी’ ही रक्तातील साखरेची मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी ग्रंथातून समजते; पण साखर एकाएकी उतरण्याच्या भीतीने इन्सुलिन टाळणाऱ्या रुग्णाशी, त्याला दोष न देता, कसे बोलावे हे अनुभवी मार्गदर्शकाजवळच शिकता येते. म्हणूनच पायांची तपासणी, गरोदरपणातील मधुमेह या विषयांइतकेच प्रौढांच्या अध्ययनाचे आणि वर्तनबदलाचे शास्त्रही येथे महत्त्वाचे ठरते.

भारतातही अशा शिक्षकांची निकड आहे; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. महाराष्ट्रातील रुग्णांना भाकरी-भाताचे प्रमाण मराठीतून समजावणारे असे शिक्षक जिल्हा रुग्णालयांत नेमलेच पाहिजेत.