एक वायर, बारा आवाज : सिंथेसायझर लिनक्सशी जोडताना



गणेशोत्सव जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘‘सर, मुलाला सिंथेसायझर घेऊन द्यायचा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर त्याचे रेकॉर्डिंग होईल ना?’’ दुकानदाराने त्यांना सांगितलेले असते की मागे यूएसबी आहे, वायर लावली की झाले. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी पुष्कळ पैसे वाया जाऊ शकतात. आपल्या संगणक कक्षात लिनक्स आहे, बरीच मुले घरीही तेच वापरतात, म्हणून ही माहिती लिनक्सच्या बाजूने देत आहोत.

आधी हे सारे कशासाठी, ते पाहू. सिंथेसायझरच्या हेडफोनच्या जागेतून बाहेर पडणारा आवाज डावा आणि उजवा अशा दोनच वाटांनी येतो. ताल, बास, सुरावट, सगळे त्यात एकजीव झालेले असते. पोह्यांवरची शेव वेचून काढता येते, पोह्यांतले मीठ काढता येत नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर ताल फार जोरात वाजला असे वाटले, तरी एकट्या तालाचा आवाज कमी करण्याची सोय उरत नाही. प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर उतरला असेल तर मात्र हवा तो कमी-जास्त करता येतो, हवा तो पूर्ण बंदही करता येतो.

आपल्या शाळेला याची गरज एका खास कारणाने आहे. निवृत्त झालेल्या संगीत शिक्षकांनी बसवलेल्या प्रार्थना आणि समूहगीते यांच्या चाली आज मोजक्याच लोकांना येतात. त्या साथीसह उतरवून ठेवायच्या, आणि पुढच्या वर्गांना सुरावट बंद करून नुसत्या साथीवर म्हणायला द्यायच्या, असा बेत आहे. दोनच ट्रॅकच्या रेकॉर्डिंगवर हे जमत नाही, आणि चाली जाणणारी माणसे आणखी दहा वर्षांनी भेटतीलच असे नाही.

आता वायरीकडे वळू. यूएसबीच्या वायरीतून दोन अगदी वेगळ्या गोष्टी जाऊ शकतात. एक मिडी आणि दुसरी प्रत्यक्ष आवाज. मिडी ही १९८३ मध्ये ठरलेली पद्धत आहे. तिच्यात आवाज नसतोच. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप असतो. म्हणजे गाण्याचे नोटेशन म्हणा. नोटेशनचा कागद हाती आला म्हणून गाणे ऐकू येत नाही. पुष्कळ नामांकित वाद्यांच्या यूएसबीतून फक्त मिडी जाते. कोर्ग कंपनीचा मिनिलॉग हा अतिशय चांगला सिंथेसायझर, पण त्याच्या यूएसबीतून आवाज येत नाही. आवाजासाठी वेगळी वायर आणि वेगळा ऑडिओ इंटरफेस लागतो. वाद्यात दोष आहे असे नव्हे, ते तसेच बनवलेले आहे. खरेदीपूर्वी माहितीपुस्तिकेत ‘यूएसबी मिडी’ लिहिले आहे की ‘यूएसबी ऑडिओ’, हे पाहावे. (आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले. या शब्दांचे शुद्ध मराठी प्रतिशब्द शोधत बसलो असतो तर हा अंक पुढच्या वर्षी निघाला असता. म्हणून बाजारात चालतात तेच शब्द ठेवले आहेत.)

ऑडिओ आहे असे कळले तरी प्रश्न संपत नाही. किती चॅनल, हे विचारायला हवे. काही वाद्ये यूएसबीतूनही डावा-उजवा असा मिसळलेला आवाजच देतात. स्वतंत्र आवाज देणारी वाद्ये थोडी, आणि ती महाग असतात. त्यामागे साधा हिशेब आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असे धरले तर एका चॅनलला सेकंदाला साडेअकरा लाख बिट लागतात. बारा चॅनलचे होतात सुमारे १ कोटी ३८ लाख. यूएसबीचा जुना ‘फुल स्पीड’ वेग सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांचा आहे. त्यात हे मावतच नाही. त्यासाठी यूएसबी २.० चा ‘हाय स्पीड’ लागतो, ज्याचा वेग ४८ कोटी बिटांचा आहे.

चॅनल पुरेसे असले, वेगही पुरेसा असला, तरी कॉम्प्युटरला वाद्याची भाषा कळली पाहिजे. इथे खरी मेख आहे. यूएसबीतून आवाज कसा पाठवावा याचा एक खुला, सर्वांसाठी छापलेला नियम आहे. त्याला ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ म्हणतात. पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली, दुसरी २००६ मध्ये. हा नियम पाळणारे वाद्य जोडले की ते स्वतःच आपली ओळख सांगते : मी आवाजाचे यंत्र आहे, माझे इतके चॅनल आहेत, वेग अमुक आहे. लिनक्समध्ये आवाजाचे काम ‘आल्सा’ ही व्यवस्था पाहते. यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रामरने १९९८ मध्ये ती सुरू केली. नियम पाळणाऱ्या वाद्यांसाठी तिच्यात एकच सामाईक ड्रायव्हर आहे; कंपनीची सीडी लागत नाही, काही डाउनलोड करावे लागत नाही. दुसऱ्या आवृत्तीचा नियम लिनक्सला २०१० पासून समजतो. विंडोजमध्ये हीच सोय आयती मिळायला २०१७ उजाडले, हे आमच्या मुलांना मोठ्या अभिमानाने सांगावेसे वाटते!

असे वाद्य हाती असेल तर काम सोपे आहे. वायर थेट कॉम्प्युटरला लावावी, मध्ये हब नको. मोबाइल चार्ज करण्याच्या काही वायरींतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही, तेव्हा वाद्य दिसलेच नाही तर आधी वायर बदलून पाहावी. मग टर्मिनल उघडून ‘एरेकॉर्ड’ ही आज्ञा, पुढे एक आडवी रेघ आणि छोटा ‘एल’, अशी द्यावी. रेकॉर्डिंग करता येण्याजोग्या सर्व यंत्रांची यादी दिसते. त्यात वाद्याचे नाव आणि कार्डाचा क्रमांक असतो. यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात, पण तीच महत्त्वाची. ‘प्रोक’ फोल्डरात ‘ए-साउंड’ नावाचा फोल्डर आहे, त्यात प्रत्येक कार्डाचा आपापला फोल्डर. त्यातली ‘स्ट्रीम शून्य’ ही फाइल वाचावी. वाद्याने सांगितलेली सगळी ओळख तिथे लिहिलेली असते : चॅनल किती, बिट किती, वेग कोणता. तिथे ‘चॅनल्स’पुढे दोनच आकडा असेल, तर कोणत्याही प्रोग्रामची कितीही बटणे दाबली तरी तिसरा चॅनल येणार नाही. वाद्याच्या मेनूत यूएसबीची पद्धत बदलण्याची सोय आहे का, ते पाहावे.

मुलांना हटकून अडवणारा एक संदेश इथेच सांगतो : ‘चॅनल्स काउंट नॉन अव्हेलेबल’. बारा चॅनलच्या वाद्याकडे थेट मार्गाने दोनच चॅनल मागितले की हा येतो. वाद्य बारा एकत्रच देते. बाराच मागावेत, नको असलेले नंतर टाकून द्यावेत.

आजच्या लिनक्समध्ये आल्साच्या वर ‘पाइपवायर’ बसलेले असते. फेडोराने ते २०२१ मध्ये आणि उबंटूने २०२२ मध्ये आवाजासाठी मुख्य व्यवस्था म्हणून घेतले. त्याआधी अशा कामाला ‘जॅक’ वेगळे चालवावे लागे. आता जॅकसाठी लिहिलेले प्रोग्राम पाइपवायरवरही चालतात. पण पाइपवायरला घरगुती श्रोता समोर आहे असे वाटते, आणि ते वाद्याला स्टिरिओ किंवा सिनेमाच्या सराउंड आवाजासारखे धरून चालते. म्हणून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ उघडून, ‘कॉन्फिगरेशन’च्या पानावर त्या वाद्यापुढे ‘प्रो ऑडिओ’ निवडावे. लगेच सगळे चॅनल ऑक्स शून्य, ऑक्स एक अशा नावांनी उघडे होतात. मग ‘आर्डर’सारख्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये बारा मोनो ट्रॅक घ्यावेत, एकेक चॅनल एकेका ट्रॅकला जोडावा, आणि प्रत्येकाला नाव द्यावे. नावे न दिलेले बारा ट्रॅक महिन्याभराने उघडून पाहणे ही एक शिक्षाच आहे.

आता दुसऱ्या प्रकारची वाद्ये : खुला नियम न पाळता कंपनीने स्वतःची पद्धत ठरवलेली. याचे ठळक उदाहरण स्वीडनमधील गोटेनबर्ग शहराच्या एलेक्ट्रॉन कंपनीचे आहे. तिच्या पद्धतीचे नाव ‘ओव्हरब्रिज’. (इंदूरकरांना रेल्वेवरचा पूल आठवेल, पण तो हा नव्हे.) २०१७ मध्ये आलेले तिचे डिजिटॅक्ट हे वाद्य ओव्हरब्रिजमधून कॉम्प्युटरकडे बारा चॅनल पाठवते : मुख्य आवाजाचे दोन, आठ ट्रॅकचे आठ आणि बाहेरून आत आलेल्या आवाजाचे दोन. मात्र कंपनीचे ओव्हरब्रिज विंडोज आणि मॅक या दोनच व्यवस्थांसाठी आहे. लिनक्सवर वाद्याच्या मेनूतून साधी यूएसबी ऑडिओ-मिडी पद्धत निवडली तर ते खुल्या नियमाने बोलते, पण मग दोनच चॅनल मिळतात.

इथे काही स्वयंसेवक प्रोग्रामरांनी जे केले ते मुलांनी मुद्दाम समजून घ्यावे. कंपनीने पद्धत छापलेली नाही. पण वायरीतून काय जाते ते तर पाहता येते. वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातली देवाणघेवाण नोंदवून, कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे ताडून, त्यांनी ‘ओव्हरविच’ नावाचा मोफत प्रोग्राम तयार केला. अनोळखी लिपीतला शिलालेख वाचण्यासारखेच हे काम. ओव्हरविच चालवला, वाद्य ओव्हरब्रिज पद्धतीवर ठेवले, की डिजिटॅक्टचे बारा चॅनल लिनक्सवर जॅकच्या जोडण्या म्हणून दिसू लागतात. यूएसबी यंत्राला हात लावण्याची परवानगी साध्या वापरकर्त्याला मिळावी म्हणून ‘यूडेव्ह’चा नियम बसवावा लागतो, प्रोग्रामच्या सूचनांत तो दिलेला आहे. हे कंपनीचे अधिकृत काम नाही. वाद्याचे आतले सॉफ्टवेअर बदलले की ते पुन्हा जुळवावे लागू शकते, ही जोखीम लक्षात ठेवूनच असे वाद्य घ्यावे.

या दोन टोकांच्या मध्येही पुष्कळ वाद्ये आहेत, नियम बव्हंशी पाळणारी आणि एखाद्या ठिकाणी वाकडी चालणारी. लिनक्सच्या मूळ सांगाड्यात त्यांच्यासाठी अपवादांची एक लांबलचक यादीच ठेवलेली आहे. रोलंड आणि यामाहा यांची कितीतरी वाद्ये तिच्यात आहेत. म्हणून जुन्या लिनक्सवर मुके राहिलेले वाद्य नव्या लिनक्सवर बोलू लागते, असे घडते. अडचण आली तर कंपनीला नावे ठेवण्यापूर्वी लिनक्सची आवृत्ती नवी करून पाहावी.

सगळे जोडून झाल्यावर एक त्रास मात्र मागाहून कळतो, आणि तो घड्याळाचा. प्रत्येक यंत्रात स्वतःचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत पन्नास एवढाच फरक धरला, तरी ४८,००० नमुन्यांच्या वेगात दर सेकंदाला २.४ नमुन्यांची तफावत पडते, आणि तासाभरात ८,६४०, म्हणजे जवळजवळ ०.१८ सेकंद. वाद्याचा आवाज यूएसबीने आणि मुलांचा आवाज दुसऱ्या इंटरफेसच्या मायक्रोफोनने एकाच वेळी घेतला, तर ताल आणि गळा हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात. पाइपवायर एका घड्याळाला मुख्य धरून दुसऱ्याचा आवाज त्याच्याशी जुळवत राहते, त्यामुळे बहुतेक वेळा निभावते. पण आमचे मत विचाराल तर आधी साथ उतरवावी, आणि मग ती ऐकवत मुलांचे गाणे घ्यावे. दोन घड्याळे एकाच वेळी चालवण्याचा प्रसंगच येत नाही; शिवाय चाळीस मुलांना पुन्हा पुन्हा उभे ठेवावे लागत नाही.

मध्येच ‘टक्’ असा आवाज येत असेल तर बफर वाढवावा. २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१.३. वाद्य हेडफोनवर थेट ऐकत वाजवायचे असेल तर मोठ्या बफरने काही बिघडत नाही, कारण उशीर फक्त कॉम्प्युटरकडच्या वाटेत होतो. वापरकर्त्याला ‘ऑडिओ’ गटात घालून घ्यावे, म्हणजे अनेक वितरणांमध्ये आवाजाच्या कामाला प्राधान्य मिळते. वेळेच्या बाबतीत काटेकोर चालण्याची सोय २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून लिनक्सच्या मूळ सांगाड्यातच आली आहे. त्यापूर्वी ती बाहेरून जोडावी लागत असे.

जागेचाही विचार आधीच करावा. बारा चॅनल, ४८,००० नमुने, २४ बिट या हिशेबाने एका मिनिटाला सुमारे १०४ एमबी लागतात. पाच मिनिटांच्या गाण्याला ५२० एमबी, आणि एकच गाणे चार-पाच वेळा घेतले जातेच. समूहगीतांच्या या कामासाठी शाळेने वेगळी हार्ड डिस्क घेतली आहे. तिची दुसरी प्रत ग्रंथालयात राहील.

ज्यांच्या घरी सिंथेसायझर आहे, किंवा ज्यांना घ्यायचा आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. वाद्य, त्याची यूएसबी वायर आणि माहितीपुस्तिका बरोबर आणावी. ‘स्ट्रीम शून्य’ फाइल तिथेच उघडून चॅनल मोजून देऊ. आणि जुन्या समूहगीतांच्या चाली ज्या माजी विद्यार्थ्यांना पाठ आहेत, त्यांनी कार्यालयात आपले नाव नोंदवावे, वाद्य नसले तरी.