तिरपं माप

घराच्या पायाची आखणी चालू होती. खुंट्या ठोकून झाल्या होत्या, दोऱ्या ताणल्या होत्या, फक्की टाकायची तेवढी राहिली होती. गवंडी एका कोपऱ्यावर बसला. एका दोरीवर त्याने 3 फुटांवर खूण केली, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. बरोबर 5 फूट. तरी त्याचं समाधान झालं नाही. मदतनिसाला म्हणाला, ‘‘आता तिरपं माप घे.’’ समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं सारखी भरली, तेव्हा कुठे त्याने फक्कीला हात घातला.

त्याने दोनदा जे मोजलं, त्याला शाळेत कर्ण म्हणतात. पहिल्यांदा काटकोन त्रिकोणाचा, दुसऱ्यांदा आयताचा. इंग्रजीत त्यांना हायपोटेन्यूज आणि डायगोनल अशी वेगळी नावं आहेत. हिंदीतही आयताचा तो विकर्ण. मराठीत मात्र दोन्ही कर्णच. ही आपल्या परिभाषेची उणीव आहे, असं कुणाला वाटेल. मला ती श्रीमंती वाटते. आयत तिरपा कापला की दोन काटकोन त्रिकोण हाती येतात. कापणारी रेषा एकच, मग नावं दोन कशाला?

या विचाराला फार जुना आधार आहे. यज्ञवेदीची मापं सांगणारी शुल्बसूत्रं दोरीची भाषा बोलतात. शुल्ब म्हणजेच दोरी. आज पायथागोरसच्या नावाने शिकवला जाणारा सिद्धांत बौधायनाने मांडला तो आयताच्या तिरप्या दोरीबद्दल. त्या दोरीवरच्या चौरसाचं क्षेत्रफळ हे लांबी आणि रुंदी यांवरच्या चौरसांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेइतकं असतं. या दोरीला तिथे शब्द आहे अक्ष्णयारज्जू. भुज, कोटी आणि कर्ण हे त्रिकूट पुढच्या गणितात रुळलं.

कान या अर्थाचा शब्द तिरप्या रेषेला का लागला असावा? संस्कृतात कर्ण म्हणजे कोपराही. देवळांच्या स्थापत्यात गर्भगृहाच्या भिंतीचा मधला पुढे आलेला भाग भद्र, तर कोपऱ्याचा भाग कर्ण. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारी रेषा तेच नाव घेऊन बसली, ही संगती मला पटते. कर्णाचा आणखी एक अर्थ सुकाणू. त्यावरून सुकाणू धरणारा तो कर्णधार. सुकाणू हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि नावेवर त्याचंच राज्य झालं. कर्ण मागे पडला, पण कर्णधार क्रिकेटच्या मैदानावर जाऊन पोचला. 1971 साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारे अजित वाडेकर मराठी वाचकांना कर्णधार म्हणूनच ठाऊक आहेत.

भास्कराचार्यांनी 1150 साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. सपाट जमिनीवर 32 हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर टेकतो. मोडला कुठे? उत्तर 12 हातांवर. मोडून तिरपा पडलेला 20 हातांचा भाग म्हणजे कर्ण. आता ज्योतिषगणितातला 12 अंगुळांचा शंकू उन्हात उभा करा. सावली 16 अंगुळं पडली, तर शंकूच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा छायाकर्ण 20 अंगुळं भरतो, आणि त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे 37 अंश वर असतो. जुन्या 4 : 3 आकाराच्या 20 इंची टीव्हीच्या चित्राची रुंदी 16 इंच आणि उंची 12 इंच. वेळू, सावली आणि टीव्ही, तिन्हींत तोच त्रिकोण! आणि त्याच्या प्रत्येक बाजूला 4ने भागलं की गवंड्याचे 3, 4, 5 परत येतात.

टीव्ही आजही कर्णानेच विकला जातो. 43 इंची टीव्हीचा पडदा रुंदीला सुमारे 37.5 इंचच असतो. भिंतीतला कोनाडा मोजून टीव्ही आणायला निघालेल्याला हे माहीत असलेलं बरं.

चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद शिलालेखात आहे. त्याच महाराष्ट्रात सेमी-इंग्रजी वर्गांतली मुलं आता गणित इंग्रजीतून शिकतात. हायपोटेन्यूज त्यांना जरूर यावा. पण तो शिकवण्याच्या दिवशी शिक्षकांनी एक आयताकृती कागद तिरपा कापून दाखवावा आणि कर्ण हा शब्द उच्चारावा, एवढी कळकळीची विनंती आहे.

घरी शाळकरी मूल असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्याला ‘लीलावती’तलंच दुसरं कोडं घाला. 9 हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे आणि साप 27 हातांवरून बिळाकडे सरळ येतो आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघं सारखंच अंतर कापतात. साप बिळापासून किती हातांवर सापडेल? उत्तर 12 हात, आणि झेपेचा कर्ण 15.