उंच इमारत आणि दारांतील नामफलक

पनवेल हें जुन्या बाजारपेठेचें गांव. येथील नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली. अशा गांवांत कोणाचें घर किंवा कचेरी शोधावयाची म्हणजे फारशी पंचाईत पडत नसे. अमक्या तळ्याच्या कांठीं, तमक्या वाड्याच्या पलीकडे, इतका पत्ता पुरेसा होई. दुकानें आणि कचेऱ्या जमिनीवर ओळीनें मांडलेल्या. वाटेनें जाणाऱ्यास त्यांच्या पाट्या आपोआप दिसत. चुकलाच तर विचारावयास पारावर कोणी तरी बसलेलें असेच.

आतां हाच पनवेलकर कामानिमित्त मुंबईस नरिमन पॉइंटवर जातो अशी कल्पना करा. समुद्राकांठीं एअर इंडियाची तेवीस मजली इमारत उभी आहे. न्यूयॉर्कच्या जॉन्सन आणि बर्जी या वास्तुशिल्पकारांच्या संस्थेनें तिचा आराखडा केला व १९७४ सालीं ती पुरी झाली. माथ्यावरील धनुर्धारी नराश्वाच्या चिन्हामुळें ती दुरूनहि ओळखूं येई. २०१३ सालीं कंपनीचें मुख्य ठाणें दिल्लीस गेलें. पुढें महाराष्ट्र शासनानें सरकारी कचेऱ्यांसाठीं ही इमारत १,६०१ कोटी रुपयांस घेण्याचें ठरविलें आणि २०२४ च्या मार्चमध्यें केंद्र शासनानें त्यास संमति दिली. एका धन्याची इमारत अनेक कचेऱ्यांची झाली कीं एक साधा प्रश्न उभा राहतो : दारांतून आंत आलेल्या माणसानें कोठें जावें?

हा प्रश्न उंचीनेंच निर्माण केला आहे. पूर्वीं चारपांच मजल्यांवर जिने चढून जाण्यास कोणी राजी नसे. १८५४ सालीं एलिशा ओटिस यानें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत, दोर तुटला तरी अधांतरीं अडकून राहणारा पाळणा लोकांसमक्ष दाखविला. तेव्हांपासून लिफ्टवर विश्वास बसूं लागला. १८८५ च्या सुमारास शिकागोमध्यें होम इन्शुरन्स कंपनीची दहा मजली इमारत उभी राहिली. तिचा बहुतेक भार जाड भिंतींऐवजीं लोखंडी सांगाड्यानें पेलला होता. लिफ्टनें माणूस वर नेला, सांगाड्यानें घर वर नेलें, आणि रस्ता जणूं उभा करून ठेवल्यासारखें झालें. मात्र या उभ्या रस्त्यावरील पाट्या खालून दिसत नाहींत. प्रत्येक पाटी आपापल्या मजल्याच्या दाराआड लपलेली असते. म्हणून त्या साऱ्या पाट्यांची यादी प्रवेशद्वाराशीं लावावी लागते. हाच नामफलक.

पूर्वीं हा फलक लांकडी असे. काळ्या पाटीवर रंगाऱ्यानें पांढरीं अक्षरें काढलेलीं असत. कोठें पितळेच्या पट्ट्या असत, तर कोठें खांचांत बसविण्याचीं सुटीं अक्षरें. एक भाडेकरू गेला कीं पट्टी काढा, दुसरा आला कीं नवी करा. फलकावरील जागा संपली म्हणजे नवें नांव कोपऱ्यांत कोठें तरी डकविलें जाई.

आतां तेथें प्रकाशमान पडदा आला आहे. श्रोतेहो, हा पडदा म्हणजे केवळ खिडकी आहे. खरी वस्तु तिच्यामागील यादी. कचेरीचें नांव, मजला, खोलीचा क्रमांक आणि जवळची लिफ्ट, एवढें त्या यादींत लिहिलेलें असतें. यादी एका ठिकाणीं सुधारली कीं सर्व पडद्यांवर ती सुधारते. पडद्याच्या कांचेवर विजेचें वहन करणारा एक पारदर्शक थर असतो. आपलें बोट जवळ आलें कीं तेथील विद्युत्क्षेत्रांत अल्पसा फरक पडतो. तो कोठें पडला हें मोजून यंत्र आपण कोणत्या नांवावर बोट ठेवलें तें ओळखतें. नखानें किंवा साध्या हातमोज्यानें तें बहुधा दाद देत नाहीं, याचें कारण हेंच. कांहीं इमारतींत तर आधीं मजला सांगावा लागतो आणि मग कोणत्या लिफ्टपाशीं उभें राहावें हें यंत्र सांगतें. एकाच मजल्याचे लोक एकत्र गेल्यानें लिफ्टचे थांबे कमी होतात.

इतकें सर्व असूनहि माणूस चुकूं शकतो, आणि त्याचीं कारणें यंत्राहून यादींतच अधिक असतात. पहिलें कारण वर्णक्रमाचें. देवनागरीच्या संगणकीय सांकेतिक क्रमांत ‘ळ’ हें अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येतें, आपण तें ‘ह’च्या पुढें शोधतों. ‘क्ष’नें सुरू होणारें नांव आपण शेवटीं पाहतों, पण यंत्र तें ‘क’मध्यें ठेवून मोकळें होतें. मराठी क्रम मुद्दाम शिकविला नाहीं, तर मराठी वाचणारासच नांव सांपडत नाहीं. दुसरें कारण नांवांचें. लोक ‘मोजणीची कचेरी’ म्हणतात. फलकावर ‘भूमि अभिलेख’ असतें. दोन्ही शब्द यादींत नसतील तर फलक असून नसल्यासारखाच.

यांत कोणाचें काय अडतें, असें कोणी विचारील. १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली व नव्या मुंबईसाठीं पनवेल आणि उरण भागांतील गांवांच्या जमिनी घेतल्या गेल्या. तेव्हांपासून येथील किती तरी कुटुंबांना हातांत कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, त्याला चुकीचा मजला म्हणजे दुसरी खेप. गेल्या महिन्यांत हललेल्या कचेरीचें नांव जुन्याच मजल्यावर दाखविणारा फलक हा कोऱ्या भिंतीहून वाईट. कोऱ्या भिंतीपुढें माणूस निदान विचारतो तरी.

सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत देवनागरी लिपींत असाव्या हा दंडक २०२२ च्या दुरुस्तीनें छोट्या दुकानांसहि लागू झाला. इमारतीच्या आंतील फलकासहि तोच विचार लावावा. मराठी प्रथम असावी. अक्षरें ठळक असावीं. चाकांच्या खुर्चीवरील माणसाचा हात पोंचेल इतका पडदा खालीं असावा. यादी शेवटची कधीं तपासली ती तारीख त्यावर दिसावी. वीज गेली तर उपयोगी पडावा म्हणून शेजारीं छापील तक्ता असावा. आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्यासाठीं एक माणूसहि तेथें बसलेला असावा. पारावरच्या त्या माणसाचें काम संपलेलें नाहीं. त्याची जागा मात्र आतां लिफ्टच्या दारापाशीं आली आहे.