धावपट्टी गेल्यावर उरलेलं काम

टँगमियरला धावपट्टी शोधत गेलेल्या माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, चिचेस्टर शहराच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर १९१७ मध्ये सुरू झालेला हा हवाई तळ १९७० मध्ये बंद झाला. पुढे काँक्रीट उखडलं गेलं, जमीन शेतीखाली गेली, काचेची प्रचंड हरितगृहं उभी राहिली, घरांच्या वसाहती आल्या. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई दलाला तोंड देणाऱ्या प्रमुख तळांपैकी हा एक होता, हे ती जमीन पाहून कुणाला सुचणारही नाही. या जमिनीच्या एका कडेला १९८२ पासून एक छोटं संग्रहालय चालू आहे. ते सरकारनं काढलेलं नाही, हवाई दलानंही नाही. माजी सैनिक आणि विमानवेड्या मंडळींनी ते सुरू केलं, आणि तिकीट देण्यापासून विमानाच्या पोटातला गंज खरवडण्यापर्यंतची कामं तिथे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. अशा ठिकाणाबद्दल बोलताना आधी विमानांचं कौतुक होतं, आणि मग या निवृत्त मंडळींच्या हौसेचं. दोन्ही कौतुकं अपुरी वाटतात. वस्तूला तिच्या जागेशी आणि तिच्यावर राबलेल्या हातांशी बांधून ठेवणं हे इथलं मूळ काम आहे, आणि मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयापेक्षा असल्या लहान, स्वयंसेवी संग्रहालयालाच ते अधिक नीट जमतं, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा म्हणून इथली दोन विमानं घेऊ. एक ग्लॉस्टर मिटिऑर, दुसरं लाल रंगाचं हॉकर हंटर. दोन्ही लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या मालकीची, टँगमियरला उसनी दिलेली. ७ सप्टेंबर १९४६ रोजी याच मिटिऑरमधून टेडी डोनल्डसन यांनी ताशी ६१६ मैलांचा जागतिक वेगविक्रम केला. बरोबर सात वर्षांनी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी, याच हंटरमधून नेव्हिल ड्यूक यांनी तो आकडा ७२७ च्या पुढे नेला. लंडनच्या दालनात ही दोन यंत्रं जेट इंजिनाच्या प्रगतीचे दोन टप्पे म्हणून उभी राहिली असती, आणि ते चूक नसतं. पण त्या काळच्या नियमानुसार विक्रमासाठी तीन किलोमीटरचं अंतर दोन्ही दिशांनी, जमिनीपासून शंभर मीटरच्या आत उडून कापावं लागे. असं उड्डाण कुठेही करता येत नाही. त्याला वस्तीपासून मोकळा, सरळ समुद्रकिनारा हवा आणि हाकेच्या अंतरावर भरवशाचा तळ हवा. लिटलहॅम्प्टनजवळचा किनारा आणि टँगमियर यांनी ते दोन्ही दिलं. हवा किती गरम आहे यावरही बरंच अवलंबून असतं. गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे ध्वनिवेगाच्या जवळ जाताना अचानक वाढणारा हवेचा विरोध थोडा उशिरा आडवा येतो. ड्यूक यांचा विक्रम तीन आठवडेही टिकला नाही, त्याचं एक कारण हेच. २५ सप्टेंबरला माइक लिथगो यांनी लिबियाच्या तापलेल्या हवेत सुपरमरीन स्विफ्ट उडवून तो मोडला. म्हणजे विक्रमात यंत्राइतकाच जागेचा वाटा असतो. ज्या तळावरून ते उड्डाण झालं तिथे उभं राहून हे कळतं तसं दुसरीकडे कळत नाही. (हंटर म्हटलं की आपल्याला १९७१ चं लोंगेवाला आठवतं. ती भारतीय हंटरं याच घराण्यातली, आणि त्यांची जागा राजस्थानचं वाळवंट.)

जागेनंतर हात. १६ ऑगस्ट १९४० रोजी दुपारी जर्मन श्टुका बाँबफेकी विमानांनी टँगमियरवर सूर मारले. हँगर कोसळले, जमिनीवर उभी असलेली विमानं जळाली, माणसं मेली. त्याच हल्ल्याच्या वेळी ६०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा वैमानिक बिली फिस्क आपलं मार खाल्लेलं हरिकेन तळावर परत घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी चिचेस्टरच्या इस्पितळात भाजल्याच्या जखमांनी गेला. तो अमेरिकन होता, हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉब्स्लेचं सुवर्णपदक दोनदा जिंकलेला. त्याच्या नावाची पाटी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहे, आणि असायलाच हवी. पण हरिकेनच्या पंखांतल्या आठ मशीनगनांची काडतुसं सलग झाडली तर साधारण पंधरा सेकंदांत संपत. त्यानंतर वैमानिक खाली उतरे आणि पुढची लढाई जमिनीवरच्या माणसांची असे. आर्मरर पंखांवरची झाकणं उघडून नवे पट्टे भरत, फिटर इंजिन पाहत, रिगर सांगाडा आणि त्यावरचं कापड तपासत, पेट्रोल आणि ऑक्सिजन भरला जाई, आणि हे सगळं काही मिनिटांत, कधी बाँब पडत असताना. हरिकेनची मागची बाजू पोलादी नळ्या, लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड अशी होती. त्यामुळे गोळी आरपार गेली तरी पुष्कळदा तळावरच ठिगळ लावून विमान पुन्हा वर जाई. त्या उन्हाळ्याचा निकाल ठरवणाऱ्या गोष्टींत ही ठिगळं मोडतात. ती लावणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. ज्या स्वयंसेवकानं स्वतः हवाई दलात मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलं, त्याला झाकणाच्या कडेवरचे ओरखडे वाचता येतात. कोणता स्क्रू नेहमी अडतो, कुठे हात शिरत नाही, कोणती जोडणी उलटी बसवली तर माणूस मरतो, हे ज्ञान सूचिपत्रात सापडत नाही.

जपणुकीच्या रोजच्या कामातही हेच ज्ञान लागतं. किनाऱ्यावरच्या खारट हवेत ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी जमते, आणि पत्र्याचे थर आतून सुटायला लागले की वरून रंग मारून काही उपयोग होत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या विमानाचं वजन टायरांवर राहिलं तर ती चपटी होतात, म्हणून विमान टेकूवर उचलून ठेवावं लागतं. जुन्या घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांमध्ये रेडियम असतं. चमक कधीच गेलेली असली तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून ती मोजून, नोंदवून, बंद ठेवावी लागतात. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटकं आधीच काढलेली आहेत याची खात्री करावी लागते. सगळ्यात कठीण प्रश्न रंगाचा. विमान नव्यासारखं चकचकीत केलं की पाहणाऱ्याला आवडतं, पण जुन्या रंगाचे थर खरवडून टाकले की त्याबरोबर त्या विमानाची नोकरी, बदल्या आणि दुरुस्त्यांचा पुरावाही जातो. ड्यूक यांचं हंटर मुळात हिरवट होतं, विक्रमासाठी लाल केलं गेलं. आता त्याचा खरा रंग कोणता? संग्रहालयानं लाल ठेवला तो योग्यच, कारण टँगमियरशी त्याचं नातं त्या लाल रंगातलं आहे. इथेही निर्णय जागेनंच केला.

पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो हलका नाही. असली संग्रहालयं युद्धाचं कौतुक करतात, मृत्यूला काचेच्या कपाटात ठेवतात, असं म्हटलं जातं. टँगमियरमध्ये याची कसोटी लागते ती सार्जंट डेनिस नोबलच्या हरिकेनपाशी. ४३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा हा वीस वर्षांचा मुलगा ३० ऑगस्ट १९४० रोजी टँगमियरहून उडाला आणि होव गावातल्या एका रस्त्यावर कोसळला. इंजिनासकट बरंचसं विमान पदपथाखाली गाडलं गेलं आणि छप्पन वर्षं तसंच राहिलं. १९९६ मध्ये ते उकरून काढलं तेव्हा विमानाबरोबर त्याचे अवशेषही निघाले, आणि ते रेटफर्ड इथल्या त्याच्या थडग्यात नंतर पुरण्यात आले. विमानाचे चुरगळलेले तुकडे टँगमियरला आले. हौशी माणसांनी विमानांचे अवशेष उकरण्यात पूर्वी अतिरेक झाला, हे मान्य केलं पाहिजे. १९८६ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये अशा उत्खननाला संरक्षण मंत्रालयाचा परवाना सक्तीचा केला, आणि मानवी अवशेष सापडण्याची शक्यता असेल तिथे तो सहसा दिला जात नाही, हे उत्तमच झालं. पण सापडलेलं दाखवावं की नाही, या प्रश्नावर माझं उत्तर स्पष्ट आहे. दाखवावं, आणि मोडलेलंच दाखवावं. डौलदार, पुन्हा रंगवलेलं हरिकेन वीरत्वाची गोष्ट सांगतं. दबून आकार हरवलेला धातू जमिनीवर आदळण्याचा वेग सांगतो. मूळचा तुकडा, ज्या तळावरून तो उडाला तिथे ठेवलेला, कौतुकाला पुरावा म्हणून आडवा येतो. गावच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात ब्रिटिश वैमानिकांबरोबर जर्मन वैमानिकांचीही थडगी आहेत. संग्रहालयातून निघालेल्या माणसानं तिथवर चालत जावं. एका बाजूची कहाणी तिथे पुरी होते.

दुसरा आक्षेप असा की स्थानिक हौशी लोक आपल्याच माणसांची आठवण ठेवतात, साम्राज्य विसरतात. यात तथ्य आहे, आणि तरी टँगमियरचीच साक्ष त्याविरुद्ध काढता येते. युद्धकाळात चांदण्या रात्री ब्रिटनच्या गुप्त हस्तकांना घेऊन इथून निघालेली लायसँडर विमानं व्याप्त फ्रान्सच्या शेतांत उतरत. खाली तीन विजेऱ्या उलट्या एल अक्षरासारख्या धरलेल्या असत, तेवढ्यावर वैमानिक विमान टेकवी, माणसं उतरवी-चढवी आणि परत निघे. १६ जून १९४३ च्या रात्री अशाच एका उड्डाणातून नूर इनायत खान गेली. व्याप्त फ्रान्समध्ये पाठवली गेलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशक. तिचे वडील इनायत खान बडोद्याचे, आणि त्यांचे आईकडचे आजोबा म्हणजे गायकवाडांच्या दरबारातले मौलाबक्ष. नूर ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडली गेली, सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत मारली गेली, आणि १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. साम्राज्याची गुंतागुंत बाहेरून आणून इथे चिकटवावी लागत नाही. ती याच गवतावरून चालत विमानात बसली होती. लहान संग्रहालयाचा फायदा असा की एक फलक बदलायला, एक कपाट वाढवायला तिथे समित्यांची उतरंड चढावी लागत नाही. कुणी कागद घेऊन आलं आणि कागद खरा निघाला, तर गोष्ट बदलता येते.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र मला पुरतं उत्तर देता येत नाही: ही माणसं गेल्यावर काय? १९४० मध्ये इथे राबलेली पिढी जवळपास संपली आहे. जेट विमानांवर काम केलेले, आज मार्गदर्शक म्हणून उभे असलेले लोकही वयस्क आहेत. पगारी कर्मचारी नेमले तर संस्था टिकेल, पण हातातलं ज्ञान पगारानं येत नाही. उपाय एकच दिसतो, आणि तो आजच करायचा आहे. विमानाचं नाव आणि साल लिहून थांबायचं नाही. ते उघडताना मेकॅनिकनं काय केलं, का केलं, याची नोंद वस्तूच्या नोंदीबरोबरच व्हायला हवी. दुरुस्तीची वही हीसुद्धा संग्रहालयाची वस्तू मानायला हवी.

हाच निकष आपल्याकडे लावून पाहण्यासारखा आहे, कारण लायसँडरचा धागा मुंबईपर्यंत येतो. १९४१ च्या नोव्हेंबरात पेशावरला झालेल्या समारंभात भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर विमानं देण्यात आली, आणि त्यांचा पैसा बाँबे वॉर गिफ्ट्स फंडाचा होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला गेली. टेहळणीसाठी बनलेल्या या संथ विमानांना बाँब लावून तिनं जपानी तळांवर हल्ले केले. ते बाँब त्या विमानांवर बसवणारे हातही कुणाचे तरी होते. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक लायसँडर आहे. त्या निधीच्या याद्या, पावत्या, वर्तमानपत्रांतली आवाहनं आणि त्या स्क्वाड्रनच्या मेकॅनिकांच्या घरी पडून असलेले कागद शोधायचे, तर त्याला हँगर लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. आठवड्यातला एक दिवस देणारी दहा माणसं मुंबईत बसूनही ते करू शकतील.