चित्रसंपादनाचा संगणक : पैसा कोठे घालावा?

लग्नमुंजीचे चित्रण करून पोट भरणारा तरुण संपादनासाठी संगणक जुळवावयास निघतो, तेव्हा दुकानात त्याच्यापुढे प्रथम येते ते भारी किमतीचे ग्राफिक्स कार्ड. निम्मी पुंजी तेथेच संपते. त्याची खरी अडचण बहुधा निराळी असते. जागा वाचावी म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाही. बहुतेक चित्रांचा मागच्यापुढच्यांहून असलेला फरक तेवढा टिपून ठेवतो. मधलेच एखादे चित्र पाहावयाचे, तर संगणकास शेजारची कित्येक उलगडावी लागतात. हे काम इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत अंगचाच असलेला ‘क्विक सिंक’ हा विभाग झपाट्याने करतो. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर थोडे स्वस्त पडतात खरे, पण त्यांत नेमका तोच नसतो! ही काटकसर काय कामाची?

रॅमच्या 16 जीबीच्या 2 पट्ट्या घ्याव्या. एकीनेच भागविल्यास माहितीच्या ये-जा करण्याची वाट निम्मी राहते. वीजपुरवठ्याच्या पेटीत कंजुषी नको. ती बिघडली, तर इतर भागांनाही घेऊन बुडते.

सेकंदास 100 मेगाबिट या प्रमाणात घेतलेले तासाभराचे चित्रण 45 जीबी जागा व्यापते. चालू काम एसएसडीवर असावे आणि मूळ चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. सप्तपदी पुन्हा घडवून आणता येत नाही.

इतके करूनही यंत्र अडखळले, तर ‘प्रॉक्सी’, म्हणजे कमी तपशिलाच्या हलक्या प्रती करून त्यांवर कातरकाम करावे. अखेरची चित्रफीत मूळ चित्रणावरूनच तयार करता येते. रंगसंस्कारांचे काम वाढले आणि दोनचार लग्नांची बिदागी हाती आली, की ग्राफिक्स कार्ड मागाहून बसविता येते.