रिकिबीतून न निघणारा कुत्रा

या, बसा जवळ. कंदिलाची वात जरा वर करा, आणि त्या मांजराला उठवू नका, ते आपलं ऐकत पडेल.

इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाचं जुनं रान आहे, त्या रानात लिंडहर्स्ट नावाचं गाव आहे, आणि त्या गावात रानाचा न्यायनिवाडा होतो त्या दालनात एक लोखंडी रिकीब टांगलेली आहे. घोड्यावर बसताना पाय ठेवतो ना, ती रिकीब. पण ही चांगली ऐसपैस. लोक तिला विल्यम रूफस राजाची रिकीब म्हणतात, जाणकार म्हणतात की ती एवढी जुनी नाही, पण ते असो. सांगतात असं, की रानाकडेला राहणाऱ्याचा कुत्रा आणायचा आणि तो हिच्यातून आरपार निघतो का बघायचं. निघाला तर जा बाबा घरी, भाकरी खा. अडकला, तर त्याच्या पुढच्या पंजाच्या तीन नख्या छाटायच्या, म्हणजे राजाच्या हरणांमागं पळायला नको. १२१७ सालच्या रानाच्या सनदेत हे नख्यांचं कलम आजही वाचायला मिळतं: दर तीन वर्षांनी पाहणी, आणि ज्याच्या कुत्र्याच्या नख्या शाबूत सापडतील त्याला तीन शिलिंग दंड.

एवढा किल्ल्याकोटांचा धनी, आणि धास्ती कुणाची, तर झोपडीतल्या कुत्र्याची! तर हरणाला गाठणारा कुत्रा घडतो कसा आणि तिकडचे लोक तो कशात काय मिसळून घडवत आले, ते सांगतो.

त्या कुत्र्याला म्हणतात लर्चर. ही काही एक जात नव्हे. एका बाजूला ग्रेहाउंडसारखा नजरेवर धावणारा कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला मेंढ्या राखणारा, बिळात शिरणारा, नाहीतर अंगानं दांडगा असा कुणीतरी कामाचा कुत्रा, या दोघांचा संकर म्हणजे लर्चर. असा कुत्रा पाळण्यात तिकडच्या भटक्या रोमानी लोकांचं नाव फार मोठं. आणि हे रोमानी कोण? हजारएक वर्षांमागं आपल्याच मुलखातून निघून पश्चिमेला चालत गेलेल्या लोकांचे वंशज. अजून त्यांच्या बोलीत पाण्याला पाणीच म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान. कुत्र्याला मात्र म्हणतात जुकेल. विलायतेच्या थंडीत कुणी शेकोटीपाशी बसून पाणी मागतोय आणि त्याच्या पायाशी लांबट तोंडाचा जुकेल झोपलाय, हे मनात आलं की मला आपलं बरं वाटतं.

झोपलाय म्हटलं ते उगाच नाही. माझ्या लहानपणी, मामाच्या गावी लातूरकडं, एका धनगराकडं कारवानी कुत्रा होता. दिवसभर गोणपाटावर असा पसरलेला, की जिवंत आहे का मेला ते बरगड्या हलताना बघून ठरवावं लागे. मी विचारलं, हा आजारी आहे का हो? म्हातारा म्हणाला, "तो साठवतुया." तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं, की ग्रेहाउंड, कारवानी या सगळ्या लांबतोंड्या कुत्र्यांचा धंदाच साठवायचा आणि एका दमात उधळायचा.

काय साठवतो? ग्रेहाउंडचं काळीज अंगाच्या मानानं इतर कुत्र्यांहून मोठं. रक्त इतकं दाट, की शंभरात ५० ते ६५ भाग नुसत्या तांबड्या पेशींचे. आपल्यात ते साधारण ४५ असतात. अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, आणि काही गुंगीची औषधं दिली तर बिचारा इतर कुत्र्यांच्या मानानं फार उशिरा शुद्धीवर येतो. पाठीचा कणा कमानीसारखा वाकतो आणि सुटतो. भरधाव घोड्याचे चारही पाय एका झेपेत एकदाच जमिनीवरून सुटतात, ते पोटाखाली गोळा झालेले असताना; ग्रेहाउंडचे दोनदा, एकदा गोळा होऊन आणि एकदा पुढंमागं ताणून. तासाला ६५ किलोमीटरच्या घरात वेग. डोळ्यांतही गंमत: लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात आत बघणाऱ्या पेशी आडव्या पट्टीत दाटलेल्या असतात, म्हणून मान न वळवता क्षितिजाचा मोठा पट्टा त्याला एका नजरेत येतो.

पण हे सगळं काहीशे मीटर. मग धाप लागते, अंग भट्टीसारखं तापतं, आणि हरीण झाडीत शिरलं की संपलं. नजरेआड झालं की त्याच्या लेखी ते जगातच नाही. शिवाय कातडी पातळ, काटेरी तारेला लागली की टराटरा फाटते, आणि पायाची बोटं नाजूक. नुसत्या ग्रेहाउंडवर हरणाची शिकार करायची म्हणजे शर्यतीचा बैल नांगराला जुंपायचा.

म्हणून त्यात कोली मिसळायचा, धनगरी कुत्रा. लांडग्याच्या शिकारीची एक साखळी असते बघा: नजर रोखायची, दबकत जायचं, पाठलाग करायचा, धरायचं, मारायचं, फाडायचं. शेकडो वर्षं निवडून निवडून माणसानं कोलीत पहिल्या तीन कड्या ठळक केल्या आणि पुढच्या पुसत आणल्या. म्हणून तो मेंढीवर डोळे रोखतो, पोट जमिनीला घासत जातो, वळवतो, आणि चावत मात्र नाही. जणू लांडग्याचं अर्धं मन काढून त्याला मेंढ्यांवर नेमला! हे अर्धं मन ग्रेहाउंडच्या अंगात घातलं, की धन्याकडं वळून बघणारा, नाकाचा उपयोग करणारा, दगडगोट्यात टिकणाऱ्या पायांचा कुत्रा निघतो. बदल्यात थोडा वेग जातो. बुल टेरियर मिसळला तर जबडा आणि छाती मिळते, वेग आणखी जातो. बेडलिंग्टन टेरियरनं दाट केस आणि जिद्द येते. आपल्याकडं जर्सीचा संकर केला तेव्हा दूध वाढलं आणि ऊन सोसेना झालं, तसाच हा व्यवहार. कशाच्या बदल्यात काय देतोय हे आधीच पक्कं असावं.

आणि अजून एक. निवडीचे शुद्ध आईबाप घेतले तर पहिल्या वेताची पिल्लं बरीच एकसारखी निघतात. पण तीच पिल्लं आपसात लावली की पुढचं वेत विखुरतं, एक आज्यासारखं, एक आजीसारखं, एक कुणासारखंच नाही. हे तर तुमच्या पणज्यालाही ठाऊक होतं. १९६४ साली संकरित ज्वारी आली, कणसं अशी की बघत राहावं, आणि ज्यानं घरचं बियाणं धरून पुढच्या वर्षी पेरलं त्याच्या रानात एक ताट उंच, एक बुटकं. लर्चरवालेही याच कारणानं दर वेळी मुळाकडं जातात, आणि "पहिला संकर", "तीन चतुर्थांश ग्रेहाउंड" असं पावकी-निमकीत बोलतात.

पण हरणाचा कुत्रा म्हणजे कोणत्या हरणाचा, हे विचारल्याशिवाय सगळं फोल. ब्रिटनमध्ये रो नावाचं हरीण आहे, १० ते २५ किलोचं, झाडीच्या काठानं राहणारं, उडी मारून दिसेनासं होणारं; तिथं चटकन वळणारा, डोकं चालवणारा, कोलीचा अंश असलेला कुत्रा. तिथलं भेकर तर चक्क आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं चुलत भावंड, मूळ चीनचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या उद्यानात आणलं, तिथून पसरलं. नराला वरच्या जबड्यात सुळे असतात, लहान म्हणून हसाल तर कुत्र्याला चिरून ठेवील. आणि स्कॉटलंडच्या डोंगरावरचा लाल हरणाचा नर ९० ते १९० किलोचा, शिंगांचं झाड डोक्यावर. त्याच्यापुढं हलका कुत्रा म्हणजे वावटळीपुढं पाचोळा. तिथल्यासाठी डीअरहाउंड, खांद्याला ७६ सेंटिमीटर उंच, राठ केसांचा, पाऊस निथळून टाकणारा. पण त्याला पूर्ण वाढायला दोन वर्षं लागतात. ग्रेहाउंडशी त्याचा संकर केला की वेग वाढतो आणि अंगही राहतं. मला विचाराल तर उघड्या डोंगरावर मी हाच घेईन, आणि झाडीत कधीच नाही.

सर वॉल्टर स्कॉट या लेखकाचा मायडा नावाचा लाडका कुत्रा होता; आई डीअरहाउंड, बाप पिरेनीजचा लांडगामाऱ्या. म्हणजे तोही संकरच. १८२४ साली गेला, अ‍ॅबट्सफर्ड या स्कॉटच्या घराच्या दाराशीच पुरला, आणि एडिनबर्गमध्ये स्कॉटचं संगमरवरी शिल्प आहे तिथं धन्याच्या पायाशी अजून बसलाय.

आता मात्र ती शिकार राहिली नाही. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तिकडं इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ साली कायदा झाला, आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून कुत्रे लावून हरणाचा पाठलाग करणं गुन्हा ठरलं. मला ते योग्यच वाटतं. दमून उभं राहिलेलं हरीण ज्यानं जवळून पाहिलंय त्याला वेगळं वाटणार नाही. पण जखमी जनावर शोधून त्याचे हाल थांबवायला कुत्रा नेता येतो. रात्री रस्त्यावर गाडी हरणाला धडकते, हरीण लंगडत झाडीत जातं, आणि मग कुणाच्या तरी घरी फोन वाजतो.

तिथं वेगाचं काही काम नाही. लांब दोरीला बांधलेला कुत्रा नाक खाली घालून एकेक पाऊल टाकतो, आजीकडून आलेला ग्रेहाउंड गप्प ठेवतो, आजोबाकडून आलेला कोली पुढं करतो. भुंकत नाही. ओल्या नेच्यांपाशी थांबतो, पुढचा एक पंजा उचलून धरतो आणि मागं धन्याकडं वळून बघतो. बॅटरीच्या उजेडात त्या पंजाच्या सगळ्या नख्या दिसतात.